सांध्याची परीक्षा

लाकडी बाकाच्या सांध्यात सरस घालावा की घालू नये, हा प्रश्न सुताराने सोडवावयाचा. नीतिविचार करणाऱ्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारले तर तो आक्षेप वरवर पाहता रास्तच वाटेल. तथापि हा प्रश्न आमच्यापुढे जसा आला तसाच आम्ही वाचकांपुढे ठेवतो. तो केवळ सुतारकामाचा आहे किंवा कसे, याचा निर्णय त्यांनी शेवटी करावा.

चेन्नईत स्थायिक झालेले आमचे एक तरुण स्नेही लाकडी सामानाची रचना करतात. त्यांनी अलीकडे एक बाक सिद्ध केला आहे. त्यात खिळा नाही, स्क्रू नाही, सरसही नाही. एकाच साच्यावर वाकविलेल्या दुहेरी वळणाच्या अरुंद पट्ट्या, निम्म्या उजवीकडून डावीकडे आणि निम्म्या डावीकडून उजवीकडे, अशा एकाआड एक रचलेल्या आहेत. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशी ती रचना दिसते. पट्ट्या जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे सर्वांतून एक लाकडी दांडा आरपार गेलेला आहे. वरची टोके हात टेकावयास आणि खालची टोके पाय म्हणून उपयोगी पडतात. माणूस बसला की त्याच्या भाराने दोन्ही बाजू फाकू पाहतात. आडव्या पट्ट्यांची बैठक खाचांत बसून त्यांना आवरून धरते. भार वाढला की खाचांची पकडही वाढते. दांडा काढला की सगळा बाक सुटून पट्ट्यांची एक मोळी होते. लांब दांडा घेऊन पट्ट्या वाढविल्या तर चौघांचा बाक होतो, कमी केल्या तर एकट्याची खुर्ची.

ही कल्पना अगदी नवी नव्हे, आणि आमचे स्नेहीही तसे म्हणत नाहीत. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटलीत अशाच गुंतविलेल्या वक्र पट्ट्यांच्या घडीच्या खुर्च्या होत असत. फ्लॉरेन्सचा धर्मोपदेशक साव्होनारोला याचे नाव पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांना चिकटले. आपल्याकडेही धर्मग्रंथ ठेवावयाची रेहल एकाच फळीतून कोरून काढतात. तिची दोन पाने एकमेकांत अशी अडकलेली असतात की ती उघडतात, मिटतात, पण निखळत नाहीत. अशा वस्तू पाहिल्या म्हणजे लाकडाला लाकडानेच धरून ठेवण्याची माणसाची हौस फार जुनी आहे याची खात्री पटते.

बाक विकला गेला. दोन महिन्यांनी घेणाऱ्या गृहस्थांची तक्रार आली की तो कुरकुरतो. तक्रार खरी होती. सुटणाऱ्या सांध्यात थोडी फट ठेवावीच लागते, आणि फट असली की लाकूड लाकडावर घासते. उपाय सोपा होता. प्रत्येक खाचेत थेंबभर सरस घातला असता तर आवाज थांबला असता. तो थेंब कोणाला दिसला नसता. गृहस्थ संतुष्ट झाले असते. मात्र तो बाक पुन्हा कधी सुटला नसता. आमचे स्नेही आमच्याकडे आले ते ही अडचण घेऊन. त्यांचा प्रश्न असा: “ते गृहस्थ हा बाक जन्मात कधी सोडणार नाहीत. मग सुटण्याची जी सोय कोणी वापरणारच नाही, ती गेली तर कोणाचे काय बिघडले?”

आम्हांस हा प्रश्न वाटतो तितका लहान वाटला नाही.

प्रथम लाकडाचा स्वभाव पाहू. पट्टी वक्र करावयाची तर दोन मार्ग आहेत. एक, सरळ फळीतून करवतीने वक्र आकार कापून काढणे. दिसावयास हे सोयीचे. पण लाकडाचे तंतू सरळ धावत असतात आणि वळणावर ते तुटतात. नेमके तेथेच ती पट्टी पुढे मोडते. दुसरा मार्ग वाफेचा. जाडीच्या दर इंचास सुमारे तासभर वाफ द्यावी, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. वाफेने तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य मऊ होते. मग ते तंतू न तुटता एकमेकांवरून किंचित सरकतात आणि पट्टी वळते. तरीही बाहेरच्या अंगावर ताण पडून ती फाटू शकते. मिखाएल थोनेट या जर्मन सुताराने व्हिएन्नात या अडचणीवर उपाय काढला. वाकविताना पट्टीच्या बाहेरच्या अंगास पोलादी पट्टा घट्ट बांधावयाचा, म्हणजे ताण पोलाद सोसते आणि लाकूड फक्त आतल्या अंगास दाबले जाते. 1856 साली त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले. वाकविलेली पट्टी साच्यातून काढली म्हणजे थोडी उलटतेच. सरळपणाची आठवण ती पूर्णपणे विसरत नाही. कारागीर हे ओळखून साचा थोडा अधिक वळणाचा करतो.

लाकडाची दुसरी खोड अशी की, ते झाड असताना जसा पाण्याचा संबंध ठेवते तसा फर्निचर झाल्यावरही ठेवते. हवेत ओल वाढली की ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो. आडव्या अंगाने मात्र तो पुष्कळ असतो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावी ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि मे महिन्यात कडक ऊन तापते. येथील लाकडाला वर्षभर हे चालूच ठेवावे लागते. जुन्या दारांच्या चौकटींत मधली फळी खोबणीत नुसती बसविलेली असते, चिकटविलेली नसते. त्या कारागिरांना हे ज्ञान होते. फळीला हलावयास जागा दिली तर दार शंभर वर्षे टिकते. चारी बाजूंनी जखडली तर ती स्वतः चिरते किंवा चौकट फोडते. तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या बाकातील फट हा निष्काळजीपणा नव्हे. ती लाकडाच्या स्वभावास दिलेली मोकळीक आहे, आणि कुरकुर ही तिची किंमत आहे.

आता थोडे शास्त्राकडे वळू. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वर ज्यांचे संस्कृत घडले त्यांना संयोग आणि समवाय हा भेद आठवत असेल. पुस्तक मेजावर आहे, तो संयोग. दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्या; वेगळ्या होताच तो संबंध संपतो आणि वस्तू मात्र उरतात. धागे आणि वस्त्र यांचा संबंध समवायाचा. धाग्यांवाचून वस्त्र कोठेही दाखविता येत नाही. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वस्त्र धाग्यांत समवायाने राहते. पण धागे एकमेकांशी संयोगानेच जोडलेले असतात. आमच्या बाकासही हेच लागू पडते. बाकपण पट्ट्यांवाचून कोठे नाही. पण पट्टी आणि पट्टी यांचा संबंध हा दोन स्वतंत्र वस्तूंचा संबंध आहे. बौद्ध पंडित नागसेनाने ग्रीक राजा मिलिंदास विचारले होते की, रथ म्हणजे चाक काय, आस काय, जू काय. आणि यांपैकी काहीच रथ नसेल तर रथ हे केवळ नाव ठरते. नैयायिक हे मान्य करणार नाही; तो म्हणेल, अवयवांहून अवयवी निराळा आणि खरा आहे. हा जुना वाद येथे मिटविण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. परंतु एका गोष्टीवर दोघेही सहमत होतील असे आम्हांस वाटते: अवयव अवयवांशी जोडले जातात ते संयोगानेच.

सरस काय करतो? जो संबंध संयोगाचा आहे तो समवायाचा असल्याचा आव आणतो. दोन पट्ट्या जणू एकच आहेत असे तो म्हणतो. त्या एक नाहीत. प्रत्येकीचे फुगणे आणि आकसणे निराळे आहे, आणि कधीतरी त्या निराळ्या होतीलच. तेव्हा सरस सुटत नाही, लाकूड फाटते. आमच्या स्नेह्यांना आम्ही हेच सांगितले. सांध्याचे खरे गुण जोडताना कळत नाहीत. तो सुटतो तेव्हा कळतात. सुटल्यावर प्रत्येक भाग अखंड हाती आला तर सांधा चांगला. भाग मोडून निघाला तर तो सांधा कितीही घट्ट असो, वाईट.

ही केवळ पुस्तकी कल्पना आहे असे कोणास वाटल्यास त्याने डिसेंबर 2015 मधील चेन्नई आठवावी. त्या महिन्याच्या आरंभी अतिवृष्टीने अड्यार नदी फुगली आणि कोट्टूरपुरम्, सैदापेट्टै आदी भागांतील घरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या सामानाचे ढीग लागले. लाकडाचा भुसा आणि सरस दाबून केलेल्या फळ्यांचे सामान तेवढ्या पाण्यात फुगते, त्याचे थर सुटतात, आणि मग त्याची दुरुस्ती करता येत नाही; कारण दुरुस्त करावा असा भागच त्यात वेगळा उरत नाही. सबंध कपाट एकदम मरते. भरीव लाकडाचे आणि खाचांनी जोडलेले सामानही भिजते, वाकते. पण ते उकलून सावलीत वाळविता येते आणि बिघडलेला भाग बदलता येतो. कपाट घेताना ते कधी सोडावे लागेल असे कोणाच्या मनात आले असेल? सुटण्याची सोय ही नेहमीच न लागणारी गोष्ट वाटते. ती लागते त्या दिवशी मात्र दुसरे काहीही उपयोगी पडत नाही. “कोणी वापरणार नाही,” या म्हणण्यास एवढे उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

ज्या शहरात हा प्रश्न निघाला त्याच्या किनाऱ्यावर याहून जुने उत्तर पडलेले आहे. ‘कट्टुमरम्’ हा तमिळ शब्द इंग्रजांच्या द्वारे जगभर गेला. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे, तासून किंचित वळण दिलेले काही ओंडके काथ्याच्या दोराने शेजारी शेजारी बांधले की कोळ्यांची होडी तयार होई. तिच्यात खिळा नसे. लाटेवर तिचे ओंडके थोडे थोडे हलत, आणि त्या हलण्यामुळेच ती फुटत नसे. किनाऱ्यास परतल्यावर दोर सोडून ओंडके वाळूवर वाळत घालीत, कारण पाणी प्यालेले लाकूड जड होते. पुन्हा समुद्रात जावयाचे त्या वेळी पुन्हा बांधीत. मद्रासेस कृत्रिम बंदर होण्यापूर्वी जहाजांतील माणसे आणि माल किनाऱ्यास आणणाऱ्या मसुला होड्याही याच जातीच्या होत्या. त्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. खिळे मारलेली होडी येथील लाटांच्या माऱ्यात उकलली असती, शिवलेली मात्र लवून टिके. 2004 च्या त्सुनामीनंतर कट्टुमरमांची जागा फार मोठ्या प्रमाणावर फायबरच्या होड्यांनी घेतली. त्या अधिक सोयीच्या असतील; ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांनी तो निर्णय करावयाचा. परंतु जी होडी रोज सुटत असे आणि जिच्यावर माणूस रोज जीव सोपवीत असे, तिने एवढे तरी सिद्ध केले आहे की सुटणे आणि विश्वासघात करणे या एकच गोष्टी नव्हेत.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. तो टाळणे योग्य होणार नाही. सर्व पट्ट्या एकाच साच्याच्या असल्या म्हणजे एक मोडली तर दुसरी घालता येते. ही सोय खरी. पण जे बदलता येते त्याची किंमत वाटेनाशी होते. थोनेटच्या उदाहरणात हे स्पष्ट दिसते. 1859 मध्ये त्याच्या कारखान्यातून निघालेली चौदा क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांची होती. एका घनमीटरच्या पेटीत अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून मावत, आणि मुक्कामी पोचल्यावर कोणीही त्या जोडू शके. 1930 पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असे सांगतात. जी डौलदार खुर्ची पूर्वी श्रीमंताच्या दिवाणखान्यात असावयाची ती साध्या कॉफीगृहात आली, हा लाभ लहान नव्हे. पण ती खुर्ची अनेक हातांत वाटून दिलेल्या कामातून तयार होई. मोराव्हियातील त्या कारखान्यात एकाने वाकवावयाचे, दुसऱ्याने घासावयाचे, तिसऱ्याने बैठक विणावयाची, असे चाले. सबंध खुर्ची करणारा सुतार त्यात उरला नाही. खुर्चीचे भाग बदलता येऊ लागले त्याबरोबर माणसेही बदलता येऊ लागली.

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मात्र तो कोणावर पडतो ते पाहिले पाहिजे. सांध्याची जी कसोटी आम्ही वर सांगितली तीच येथे लावून पाहावी. खुर्ची तीत उतरते, कारण सुटल्यावर तिचा प्रत्येक भाग पूर्ण असतो. कारखाना उतरत नाही; कारण ज्याने वीस वर्षे एकच वळण दिले तो तेथून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती पूर्ण अशी कोणतीच विद्या नसते. कारखान्याने त्याला जोडून घेतले. सोडताना तो अपुरा निघाला. तेव्हा दोष सुटेपणाचा नाही. माणसाला त्याच्या एका खाचेएवढाच मोजण्याचा आहे. आमच्या स्नेह्यांच्या हाताखाली दोन मुले काम शिकतात. त्यांना आम्ही मुद्दाम विचारले की, ही मुले नुसत्या खाचा मारतात की सबंध बाक करतात? त्यांनी थोडे थांबून कबूल केले की, आजवर नुसत्या खाचाच. सरसाच्या थेंबाविषयी त्यांचे मन खात होते. या गोष्टीविषयी खाल्ले नव्हते. आमच्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की, लाकडाचे ठीक आहे; पण माणसामाणसांचे संबंध सुटण्याची सोय ठेवून जोडावे काय? लग्न, मैत्री, दिलेले वचन यांत आधीच फट ठेवणारा माणूस विश्वासास पात्र कसा? या आक्षेपात आम्हांस एक गोंधळ दिसतो. सुटता येणे आणि सुटण्याचा बेत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाकाच्या पट्ट्या सुटू शकतात, तरी माणूस बसलेला असताना त्या सुटत नाहीत. भार येताच अधिक घट्ट होतात. वचनाचे मोल तरी कशात आहे? ज्याला ते मोडताच येत नाही त्याने पाळलेल्या वचनाला आपण वचन म्हणत नाही, सक्ती म्हणतो. ज्या घरात सून किंवा मुलगा बाहेर पडू शकत नाही म्हणून राहतो, ते घर एकत्र आहे असे शेजारी म्हणत असतील; तेथे सांधा नाही, सरस आहे. असे घर कधी काळी दुभंगते तेव्हा माणसे मोडूनच बाहेर पडतात, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे.

आपल्या मुलखाबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हा विचार आणखी एका अंगाने लागू पडतो. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले. 1855 मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, पण त्याच्याबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज आजही तमिळनाडूत आहेत, आणि त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. त्या मराठीने तमिळचे किती तरी शब्द घेतले. पुण्याच्या माणसाला ती चमत्कारिक वाटते. असे दोन भाषांच्या सांध्यावर राहणे मुकाट्याने होत नाही. घरात एक बोली, शाळेत दुसरी. सणाचा दिवस एक, सुट्टीचा दिवस दुसरा. काही ना काही कुरकुरत राहते. ही कुरकुर बंद करण्याचे दोन सोपे उपाय आहेत. एक, स्वतःला येथे इतके चिकटवून टाकणे की मूळचे काहीच निराळे उरू नये. दुसरा, कधी जोडलेच न जाणे, वाळूवरच्या ओंडक्यासारखे बाजूस पडून राहणे. तंजावरच्या मराठी मंडळींनी या दोहोंपैकी एकही पत्करला नाही. ते जोडले गेले, भार घेतला, आणि अखंडही राहिले. फट आणि कुरकुर त्यांनी सोसली, म्हणून त्यांच्याकडे देण्यासारखे काही उरले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या स्नेह्यांनी सरस घालू नये असा सल्ला आम्ही दिला, आणि त्याची कारणे वर आली आहेत. त्यांत आणखी एक साधे कारण आहे. सुटणारा म्हणून जो बाक विकला तो गुपचूप न सुटणारा करणे हे खोटे आहे. घेणाऱ्यास ते कधी न कळले तरी खोटेच आहे. परंतु नुसता नकार देऊन भागत नाही. त्या गृहस्थांच्या कानांना होणारा त्रासही खराच होता. तत्त्वाचे ओझे दुसऱ्याच्या झोपेवर टाकून आपण सज्जन राहणे, ही नीतीची फार स्वस्त तऱ्हा आहे. स्नेह्यांनी मग त्यांच्या घरी जाऊन दांडा काढला, पट्ट्या जमिनीवर पसरल्या, खाचांना मेण घासले आणि बाक पुन्हा उभा केला. आवाज पुष्कळ कमी झाला. सर्वस्वी गेला नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा मेण लावावे लागेल हे त्यांनी गृहस्थांना स्पष्ट सांगितले.

त्या कामास त्यांनी शिकणाऱ्या दोन मुलांनाही नेले होते. सुटलेल्या पट्ट्या त्यांनी मुलांपुढे ठेवल्या आणि बाक त्यांच्याकडूनच जोडून घेतला. पहिल्या वेळी बैठक उलटी बसली. पुन्हा सोडावी लागली. सोडताना एकही पट्टी मोडली नाही, असे त्यांनी आम्हांस येऊन सांगितले; आणि हे सांगताना त्यांना जो आनंद झालेला दिसला तो बाक विकला गेला त्या दिवशी दिसला नव्हता.